डिस्चार्ज कार्डावरचं प्रश्नचिन्ह

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी ऑफिसमधला एक मित्र घरी आला. हातात एमआरआयच्या फिल्म्सची मोठी पांढरी पिशवी आणि एक सीडी. "तू त्या हॉस्पिटल इमेजेसच्या प्रोजेक्टवर आहेस ना? मग बघ आणि सांग," म्हणाला.

आता आमचं सॉफ्टवेअर एमआरआयच्या फाइल्स साठवतं, शोधून देतं आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर दाखवतं. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला जसा कर्ज मंजूर करायचा अधिकार येत नाही, तसंच मला मेंदूतलं काही कळत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "रिपोर्ट डॉक्टरांनी दिलाय. मला फक्त त्याचा अर्थ समजावून दे. तू वाचत बसतोस ना वीकेंडला काहीतरी, हे वाच."

मित्र पूर्व उत्तर प्रदेशातला, देवरिया जिल्ह्यातला. फिल्म्स त्याच्या धाकट्या बहिणीच्या. २००५च्या ऑगस्टमध्ये ती सहा वर्षांची होती. चार दिवस ताप, मग आकडी, मग शुद्ध हरपली. गावात त्या आजाराला 'नवकी बीमारी' म्हणायचे, म्हणजे नवा आजार. हॉस्पिटलात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती हे त्याला अजून आठवतं. बहीण वाचली. पण पुढे कित्येक महिने बोलत नव्हती. आजही तिचे शब्द हळू येतात, डावा हात वाकडा राहिलाय, आणि अधूनमधून फिट येते. त्या फिट्ससाठीच तिला यंदा पुण्याला आणलं, आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा तिच्या मेंदूचा फोटो निघाला.

पिशवीत जुनं डिस्चार्ज कार्डही होतं, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं. त्यावर निदान लिहिलंय: 'व्हायरल एन्सेफलायटिस, जे. ई. ?'. जे. ई. म्हणजे जपानी एन्सेफलायटिस, आपण ज्याला जपानी मेंदूज्वर म्हणतो तो. नव्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की दोन्ही बाजूंचे थॅलॅमस आकसलेले आहेत, तिथे जुने व्रण आहेत, आणि बहुधा हे लहानपणीच्या मेंदूज्वराचे अवशेष आहेत.

"म्हणजे आता ते प्रश्नचिन्ह खोडायचं का?" त्याने विचारलं. "आईला कळायला हवंय."

मी म्हटलं वाचून सांगतो. दोन वीकेंड त्यात गेले. जे हाती लागलं ते इथे लिहितोय, कारण प्रश्न वाटला तेवढा सोपा निघाला नाही.

आधी थॅलॅमस. मेंदूच्या अगदी मधोमध, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे अंड्याच्या आकाराचे दोन गोळे असतात. वास सोडला तर बाकी सगळ्या संवेदना यांच्यामार्गेच मेंदूच्या वरच्या थराकडे जातात. शिवाय हालचाल, जागेपण, शुद्ध या सगळ्यांशी यांचा संबंध. थोडक्यात मेंदूचं मनमाड जंक्शन. इथे गाड्या अडल्या की सगळीकडचं वेळापत्रक कोसळतं.

आणि एमआरआय काय बघतो? मुख्यतः पाणी. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरी सोडल्या की हायड्रोजनची केंद्रकं उत्तर देतात, आणि त्या उत्तरांचं चित्र बनतं. जिथे दाह होतो तिथे सूज येते, सूज म्हणजे जास्तीचं पाणी, आणि 'टी-टू' नावाच्या पद्धतीत जास्तीचं पाणी पांढरं दिसतं. पण मेंदूच्या भोवती आणि आतल्या पोकळ्यांमध्ये मुळातच पाणी असतं, तेही पांढरंच दिसणार. म्हणून 'फ्लेअर' नावाच्या पद्धतीत हे मोकळं पाणी काळं करून टाकतात. मग उरतं ते पेशींमधल्या सुजेचं पांढरं. आपण लॉगमधले नेहमीचे मेसेज फिल्टर करून फक्त एरर बघतो ना, तसंच काहीसं.

जपानी मेंदूज्वरात ऐन आजाराच्या वेळी असा एमआरआय काढला तर ठरलेलं चित्र म्हणजे दोन्ही थॅलॅमस पांढरे, बऱ्याचदा जवळजवळ आरशातल्यासारखे सारखे. कधीकधी त्यात थोडा रक्तस्राव. सोबत मेंदूच्या देठात आणि त्यातल्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळसर पट्टीत डाग असू शकतात. पार्किन्सन्समध्ये हीच पट्टी झिजते. म्हणून या आजारातून उठलेल्या काही मुलांचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो, हात थरथरतात, अंग आखडतं.

आता इतिहास. जपानमध्ये या आजाराच्या साथींची नोंद १८७१पासून आहे. मोठी साथ आली १९२४मध्ये: सहा हजारांवर रुग्ण, आणि त्यातले साठ टक्क्यांच्या आसपास गेले. तेव्हा मेंदूच्या आत बघायचं एकच साधन होतं, शवविच्छेदन. आणि एक घोळही होता. त्याच काळात जगभर मेंदूच्या दाहाचा दुसरा एक आजार फिरत होता, व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमो यांनी १९१७मध्ये वर्णन केलेला, माणसाला गाढ झोपेत ढकलणारा. जपानी डॉक्टरांनी त्याला 'ए' म्हटलं आणि उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या आपल्या आजाराला 'बी'. जुन्या पुस्तकांत 'जपानी बी एन्सेफलायटिस' असं नाव दिसतं ते यामुळे. म्हणजे नावाची सुरुवातच मुळी 'हा तो नव्हे' अशी झाली.

विषाणू हाती लागला १९३५मध्ये, टोकियोत मरण पावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूतून. १९३८मध्ये तोच विषाणू क्युलेक्स जातीच्या डासात सापडला आणि साखळी जुळायला लागली. भाताच्या खाचरात साठलेलं पाणी, त्यात वाढणारे डास, त्याच पाण्यावर येणारे बगळे, आणि शेजारी पाळलेली डुकरं. विषाणू बगळे आणि डुकरांमध्ये फिरत राहतो. माणूस मध्येच सापडतो. माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका कमी आणि इतका थोडा वेळ असतो की त्याला चावलेला डास पुढे कुणाला आजार देऊ शकत नाही. विषाणूच्या दृष्टीने माणूस म्हणजे बंद गल्ली. लागण झालेल्यांपैकी शेकडा एकापेक्षाही कमी लोक खरोखर आजारी पडतात. पण जे पडतात त्यांच्यातले २० ते ३० टक्के दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना कायमचं काहीतरी मागे राहतं. मित्राची बहीण या शेवटच्या आकड्यात आहे.

भारतात ही गोष्ट सुरू होते ती आपल्या पुण्यातच. स्टेशनजवळ आंबेडकर रोडवरून जाताना राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची, म्हणजे एनआयव्हीची इमारत लागते. मी तिच्यासमोरच्या सिग्नलला शेकडो वेळा थांबलोय आणि एकदाही विचार केला नव्हता की आत काय चालतं. १९५२मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मिळून ती 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू केली. कामच होतं डास, गोचीड अशा कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणं. १९५५मध्ये वेल्लोरला जपानी मेंदूज्वराचे रुग्ण ओळखले गेले. १९७३मध्ये पश्चिम बंगालमध्ये बांकुरा आणि बर्दवान जिल्ह्यांत मोठी साथ आली. १९७८मध्ये ती गोरखपूरच्या भागात पोचली, आणि त्यानंतर तिथे दर पावसाळ्याबरोबर येत राहिली. योगायोग असा की पुण्याच्या संस्थेचं आजचं नावही १९७८चंच.

निदानाची पद्धतही ठरत गेली. पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढायचं, आणि या विषाणूविरुद्ध शरीराने नुकत्याच बनवलेल्या 'आयजीएम' अँटिबॉडीज त्यात आहेत का ते तपासायचं. त्यासाठीचे किट पुण्यातूनच देशभर जातात. माझ्या मित्राच्या प्रश्नाचं खरं उत्तर या चमचाभर पाण्यात होतं, आणि ते तेव्हाच काढून तपासायला हवं होतं. फार उशीर झाला की ती खूण उरत नाही. वीस वर्षांनी तर प्रश्नच नाही.

फोटो आले नंतर. सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला तो १ ऑक्टोबर १९७१ला, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये. मशीन बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीतले इंजिनियर, डॉक्टर नव्हे. (हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.) १९७९मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. १९७३मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून चित्र काढायची कल्पना मांडली, पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली, आणि २००३चं नोबेल त्या दोघांना. जपानी मेंदूज्वराचे पहिले एमआरआय १९९०च्या सुमारास जपानमधून प्रसिद्ध झाले. पण तोवर जपानने लसीच्या जोरावर आजार जवळजवळ घालवला होता, तिथे रुग्ण मोजकेच. मशीन जिथे आधी पोचली तिथे रोग उरला नव्हता, आणि रोग जिथे होता तिथे मशीन नव्हती. मोठ्या संख्येने अभ्यास झाले ते भारतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेत यू. के. मिश्रा आणि जयंती कलिता या डॉक्टरांनी १९९०च्या दशकापासून अशा रुग्णांचे स्कॅन, त्यांची लक्षणं आणि पुढची वर्षं यांचा सातत्याने माग ठेवला. सीटीत सुरुवातीला काहीच न दिसणारे थॅलॅमसमधले बदल एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतात, हे अशाच अभ्यासांतून पक्कं होत गेलं.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, झालं की काम. दोन्ही थॅलॅमस म्हणजे जपानी मेंदूज्वर. खोडा प्रश्नचिन्ह.

पण मग मलेशिया वाचलं.

सप्टेंबर १९९८मध्ये मलेशियाच्या पेराक राज्यात इपो शहराच्या आसपास डुक्करपालन करणाऱ्यांमध्ये मेंदूज्वर सुरू झाला. डुकरं, पाऊस, मेंदूचा दाह, शिवाय काही रुग्णांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराच्या अँटिबॉडीजही सापडल्या. निदान ठरलं. धुरफवारणी झाली, लस टोचली गेली. तरी साथ थांबेना, उलट दक्षिणेकडे नेगेरी सेंबिलान राज्यात गेली. आणि काही गोष्टी जुळत नव्हत्या. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो, इथे आजारी पडत होते मोठे, कामकरी पुरुष. लस घेतलेलेही आजारी पडत होते. डुकरंही खोकून खोकून मरत होती. आणि शेजारच्याच वस्तीत, डुकरांना हात न लावणाऱ्या घरांमध्ये आजार जवळजवळ नव्हता. डास काही धंदा विचारून चावत नाही!

मार्च १९९९मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात चुआ काव बिंग या तरुण विषाणूतज्ज्ञाने एका रुग्णाच्या नमुन्यातून वेगळाच विषाणू वाढवला, आणि नमुने घेऊन अमेरिका गाठली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलेला विषाणू जपानी मेंदूज्वराच्या कुळातलाच नव्हता. ज्या गावच्या रुग्णात तो सापडला त्या सुंगाई निपाह गावावरून त्याचं नाव पडलं निपाह. तो डासांमार्फत येत नव्हता, डुकरांकडून थेट माणसाला होत होता, आणि मूळ घर होतं फळं खाणारी वटवाघळं. मलेशियात २६५ रुग्ण, १०५ मृत्यू. साथ थांबवायला दहा लाखांवर डुकरं मारावी लागली.

आता यात फोटोंचं काय? निपाहच्या रुग्णांचे एमआरआय पाहिले तेव्हा चित्र पार वेगळं होतं. थॅलॅमसवर सारखे पांढरे डाग नाहीत, तर मेंदूच्या पांढऱ्या भागात इकडेतिकडे विखुरलेले दोन ते सात मिलिमीटरचे बारीक ठिपके. कारण निपाह बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करतो आणि त्या जागोजागी बंद पडतात. म्हणजे फोटो 'हा तो नव्हे' असं सांगू शकत होता. पण कोडं सुटलं ते फोटोमुळे नाही, तर कोण आजारी पडतंय आणि कोण नाही हे नीट बघितल्याने आणि विषाणू प्रत्यक्ष हाती लागल्याने. सहा महिने लोक डासांच्या मागे होते, कारण नाव आधीच ठरलं होतं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. २००३च्या पावसाळ्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुलं आजारी, १८३ दगावली. बरीचशी तर चोवीस तासांच्या आत. पुण्याच्या एनआयव्हीला नमुन्यांमध्ये सापडला चांदीपुरा विषाणू. हे चांदीपुरा आपल्या नागपूर भागातलं. १९६५मध्ये तिथल्या तापाच्या दोन रुग्णांमध्ये हा विषाणू पहिल्यांदा मिळाला होता, आणि पुढे जवळपास चाळीस वर्षं तो एवढा जीवघेणा असेल असं कुणी फारसं मानलं नव्हतं. तो पसरवते सँडफ्लाय नावाची बारीक माशी, डास नव्हे. पण हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांनी वेगळा मुद्दा मांडला. त्यांचं म्हणणं, मुलांची लक्षणं आणि स्कॅन बघा, इजा मेंदूतल्या एका मोठ्या रक्तवाहिनीच्या पट्ट्यात दिसते, म्हणजे हा दाह नाही, पक्षाघातासारखा झटका आहे. मेडिकल जर्नल्समध्ये यावर चांगलाच वाद झाला. तीच मुलं, आणि दोन निष्कर्ष. चित्र समोर असलं तरी ते वाचणारा माणूस काहीतरी मनात धरूनच वाचतो.

खरं सांगायचं तर हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कळायला हवं. रात्री दोन वाजता फोन येतो, ग्राफवर एका सर्व्हरचा सीपीयू लालभडक. ग्राफ सांगतो 'कुठे'. पण कुणाच्या कोडमुळे हे तो ग्राफ सांगत नाही. आणि मागच्या वेळी डेटाबेसचा घोळ होता म्हणून याही वेळी डेटाबेसच्याच मागे लागून तीन तास घालवलेला माणूस मी स्वतः आहे. फरक एवढाच की आमच्याकडे तीन तासांत कुणी मरत नाही.

दोन्ही थॅलॅमसवर डाग पडायची इतरही कारणं आहेत. वेस्ट नाइलसारखे दुसरे डासजन्य विषाणू. कधीकधी डेंगी. काही लोकांत दोन्ही थॅलॅमसना रक्त देणारी एकच सामाईक वाहिनी असते, ती बंद पडली तर दोन्हीकडे एकदम डाग. मेंदूच्या खोल शिरांमध्ये गुठळी झाली तरी तेच. उलट, कपाळाच्या बाजूच्या, म्हणजे टेम्पोरल भागात, बहुतेकदा एका बाजूला जास्त असा दाह दिसला तर डॉक्टरांना संशय येतो नागिणीच्या नात्यातल्या हर्पीस विषाणूचा. त्यावर ॲसायक्लोव्हिर हे औषध आहे, म्हणून ते ताबडतोब सुरू करतात, पक्क्या निदानाची वाट न बघता. इथे फोटो जीव वाचवतो.

आणि आता गोरखपूर. २००५च्या त्या साथीत पूर्व उत्तर प्रदेशात साडेपाच हजारांहून जास्त लोक आजारी पडले, तेराशेहून जास्त गेले, बहुतेक मुलं. साथ जपानी मेंदूज्वराची होती हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं. पण प्रत्येक मुलाची तपासणी झाली नव्हती, होणं शक्यही नव्हतं. २००६पासून लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली, आधी चीनहून आलेल्या लसीवर. २०१३मध्ये भारतीय लसही आली, कर्नाटकातल्या कोलारमध्ये १९८१ साली मिळालेल्या आणि पुण्याच्या संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनवलेली. लसीमुळे जपानी मेंदूज्वर कमी झाला. पण गोरखपूरचे वॉर्ड रिकामे झाले नाहीत. दर पावसाळ्यात मुलं तशीच येत राहिली: ताप, आकडी, बेशुद्धी. तपासणीत जपानी मेंदूज्वर निघायचा नाही, आणि सर्वसाधारण समज असा की दुसरा कुठला तरी विषाणू असेल.

मग २०१४ ते २०१६च्या सुमारास कसून शोध घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांमध्ये सापडला स्क्रब टायफस. हा विषाणूच नाही. हा जिवाणू, गवता-झुडपांतल्या किड्यांच्या बारीक पिल्लांच्या चाव्यातून येणारा. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही साधी, स्वस्त अँटिबायोटिक्स वेळेवर दिली तर तो बरा होतो. या आजारात एमआरआयही बऱ्याचदा नॉर्मल असतो किंवा त्यात खास काही दिसत नाही. म्हणजे कित्येक वर्षं काही मुलं अशा आजाराने जात होती की ज्याचं औषध गावच्या मेडिकल दुकानात होतं. हे समजल्यावर तापाच्या सुरुवातीलाच ही औषधं द्यायच्या सूचना निघाल्या, आणि पुढच्या वर्षांत तिथले मृत्यू खूप कमी झाले.

हे वाचताना मला पहिल्यांदा कळलं की मित्राच्या आईला ते प्रश्नचिन्ह का खुपत असणार. मी त्याला फोन केला. त्याने सांगितलं, चौथ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं. आधीचे तीन दिवस गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन, एक दिवस झाडफूक. आई वीस वर्षं तेच मोजतेय. लवकर नेलं असतं तर? जपानी मेंदूज्वर असेल तर त्या विषाणूवर तेव्हा औषध नव्हतं, आजही नाही. दुसरं काही असेल, तर कदाचित असतं.

शेवटी एक अभ्यास मिळाला, व्हिएतनाममधला, २००९मध्ये प्रसिद्ध झालेला. मेंदूच्या संसर्गाच्या संशयाने दाखल झालेल्यांचे स्कॅन घेऊन त्यांनी सरळ प्रश्न विचारला: थॅलॅमसमधले डाग निदानासाठी किती भरवशाचे? उत्तर असं. ज्यांच्या थॅलॅमसमध्ये डाग होते ते सगळे जपानी मेंदूज्वराचेच निघाले. पण जपानी मेंदूज्वर असलेल्यांपैकी फक्त २३ टक्क्यांच्या स्कॅनमध्ये ते डाग दिसले. म्हणजे डाग दिसला तर, त्या मुलुखात, जपानी मेंदूज्वराची शक्यता फार मोठी. डाग नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही. आणि 'त्या मुलुखात' हे शब्द महत्त्वाचे. तोच फोटो न्यूयॉर्कमधल्या सत्तर वर्षांच्या माणसाचा असेल तर अर्थ वेगळा.

मग मी मित्रासाठी सगळं मांडलं. सहा वर्षांचं मूल, ऑगस्ट महिना, देवरिया, २००५ची सिद्ध झालेली साथ, नंतर आखडलेला हात आणि हळू झालेलं बोलणं, आणि आज आकसलेले दोन्ही थॅलॅमस. सगळी बोटं एकाच दिशेला जातात. स्क्रब टायफस सहसा असं चित्र मागे ठेवत नाही. पण चमचाभर पाणी तपासलेलं नाही, म्हणून पक्कं नाही. 'बहुधा' हाच शब्द खरा, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तोच वापरलाय. अजून एक गोष्ट मी दडवली नाही. औषध नसलं तरी आकडी आवरणं, ऑक्सिजन, मेंदूवरचा दाब कमी करणं यांचा फरक पडतो, त्यामुळे लवकर नेण्याला काहीच अर्थ नव्हता असं म्हणता येणार नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला पहिला भाग सांगतो." मी काही बोललो नाही. आई त्याची आहे.

मागच्या शनिवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बहीणही होती. फिल्म्स खिडकीच्या काचेला लावून मी तिला दोन काळपट गोळे दाखवले. तिने बराच वेळ बघितलं, मग सावकाश, एकेक शब्द जुळवत विचारलं, "ये... हम... हैं?" आम्ही हो म्हटलं. ती हसली, आणि फिल्मवरच्या कवटीच्या गोल रेषेवरून तिने उजव्या हाताचं बोट फिरवलं.

मित्राने जुनं डिस्चार्ज कार्ड आणि नवा रिपोर्ट आता एकाच फाइलमध्ये लावलेत. प्रश्नचिन्ह खोडलेलं नाही. त्याच्या पुढे पेन्सिलने त्याने 'बहुधा हो' एवढंच लिहिलंय.